सुई, दोरा आणि पहिली कलाकृती: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

भरतकाम येत असणे आणि भरतकामातून कलाकृती घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या वाटेला नव्याने लागणाऱ्यांची अडचण बहुधा इथेच सुरू होते. शाळेतल्या शिवणाच्या तासाला रुमालावर साखळी टाका शिकलेल्या किंवा घरातल्या मोठ्या बायकांबरोबर गोधडीला दोरे घातलेल्या व्यक्तीला टाके ठाऊक असतात, पण आपल्या मनातले काही त्या टाक्यांतून मांडता येईल असे तिला वाटत नाही. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला रेषा आणि रंग यांची जाण असते, पण ती सुईकडे आणखी एक कुंचला म्हणून पाहते आणि महिनाभर खपून शेवटी एखाद्या छायाचित्राची दोऱ्यातली प्रत तयार करते. पुढील मार्गदर्शन या दोघांसाठीही आहे. हातभर कापडावरचे एक लहानसे काम पहिल्या विचारापासून भिंतीवर लागेपर्यंत कसे न्यावे, हे त्यात क्रमाने सांगितले आहे, आणि त्यामागचा आग्रह एकच आहे: कापड कोणते, दोरा कोणता, टाका कोणता आणि किती वेळ द्यायचा, या चारही निवडी कामाच्या आशयातून निघाल्या पाहिजेत.

पहिली पायरी: पाहणे, आणि जमेल तिथे मागची बाजूही पाहणे

दोऱ्याचे काम छापील पानावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर सपाट दिसते. टाक्याची उंची, कापडाला बसलेला ताण आणि दोऱ्यावरून सरकणारा उजेड या तिन्ही गोष्टी छायाचित्रात हरवतात. म्हणून सुरुवातीचे काही दिवस प्रत्यक्ष पाहण्यासाठी राखून ठेवावेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्त्रांचे स्वतंत्र दालन आहे, आणि अहमदाबादला जाणे होत असेल तर 1949 मध्ये स्थापन झालेले कॅलिको वस्त्रसंग्रहालय चुकवू नये. मात्र तिथे आधी नोंदणी केल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. हिमाचलातील चंबा येथील भुरीसिंह संग्रहालयात ज्या चंबा रुमालांचा संग्रह आहे, ते पीळ न घातलेल्या रेशमी धाग्याने अशा प्रकारे भरलेले असतात की चित्र कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. संग्रहालयात मागची बाजू क्वचितच दाखवतात, पण घरातली जुनी उशीची खोळ, आजीचा पडदा किंवा बाजारातला कच्छी तुकडा उलटा करून पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. दोरा कुठून कुठे उडी मारतो, गाठ कुठे आहे, कुठे दोरा संपल्यामुळे रंगाची छटा किंचित बदलली आहे, हे सारे मागेच कळते.

समकालीन कलाकारांच्या कामासमोर उभे राहिल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे रंगात किंवा मातीत का केले नसेल? बंगळुरूच्या शीला गौडा यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या एका मांडणीत फार लांब दोरे सुयांच्या नेढ्यांतून ओवून घेतले, ते एकत्र करून त्यांचे दोरखंड बनवले, त्यांवर कुंकवाचा लेप दिला आणि दोरखंडांच्या टोकांना सुयांचे झुबके तसेच लोंबत ठेवले. तिथे एकही टाका घातलेला नाही, तरीही सुई ओवण्याच्या अगणित वेळा झालेल्या घरगुती कृतीशिवाय ते काम उभेच राहिले नसते. तीच गोष्ट रंगवून दाखवली असती तर ती एका लाल दोरीचे चित्र होऊन राहिली असती. मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्यात शिकलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी तागाच्या दोरीला गाठी मारत माणसापेक्षा उंच शिल्पे घडवली, ज्यांचे मोठे प्रदर्शन 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर येथे झाले. मुंबईच्या मोनिका कोरिया यांनी मागावर धागे सरळ ठेवणारी फणी काढून टाकली, त्यामुळे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सरळ रेषेत न राहता हवे तसे वळू लागले आणि विणकामात रेखाटनाचा मोकळेपणा आला. प्रिया रवीश मेहरा यांनी नजीबाबादच्या रफूगारांबरोबर दीर्घकाळ काम करून, जे कौशल्य अदृश्य राहण्यातच यशस्वी मानले जाते त्या रफूलाच आपल्या कामाचा विषय केले. हैदराबादच्या वरुणिका सराफ यांनी स्वतंत्र भारतातील संघर्षांचे प्रसंग कापडाच्या छोट्या तुकड्यांवर भरले आहेत, आणि त्या बातम्या आपण वर्तमानपत्रात एका नजरेत वाचून पुढे जातो हे आठवले की प्रत्येक आकृतीवर गेलेल्या तासांचे वजन वेगळेच जाणवते.

परदेशातील दोन उदाहरणे तरी अभ्यासावीत. चिलीमध्ये 1973 च्या लष्करी उठावानंतर बेपत्ता झालेल्यांच्या आया, बहिणी आणि पत्नी गोणपाटावर जुन्या कपड्यांचे तुकडे शिवून रोजच्या जगण्याची चित्रे करू लागल्या. ती चित्रे दिसायला बाळबोध आणि रंगीत होती, आणि म्हणूनच बराच काळ ती कोणाला धोकादायक वाटली नाहीत. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, तेव्हा झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून उभ्या राहिलेल्या त्या आकारांकडे लोक अमूर्त चित्रकलेसारखे पाहू लागले. मराठी वाचकाला याहून जवळचे नाते हवे असेल तर चित्रकार प्रभाकर बरवे आठवावेत, जे सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. चित्रकार अर्पिता सिंग याही दिल्लीच्या अशाच केंद्रात काम करत होत्या आणि बंगालच्या कांथा भरतकामातल्या टाक्यांची आठवण त्यांच्या चित्रांत आजही दिसते. आपल्याकडे चित्रकार आणि कापड यांची गाठ नवी नाही. कापडाला भिंतीवर मानाची जागा देण्याची सवय तेवढी उशिरा लागली.

दुसरी पायरी: विषय

पहिल्या कामासाठी असा विषय घ्यावा जो कापडाशी, शिवण्याशी किंवा हळूहळू साठत जाण्याशी आधीपासून जोडलेला आहे. जुन्या साडीचा विरलेला भाग आणि त्याभोवतीची डागडुजी, आईच्या हस्ताक्षरातली वाणसामानाची यादी, गावातल्या ज्या गल्लीची आता ओळखही पटत नाही तिचा आठवणीतून काढलेला नकाशा, किंवा पावसाळ्यातल्या प्रत्येक दिवसासाठी त्या दिवशीच्या पावसाइतकी लांब घातलेली एक ओळ, असे विषय दोऱ्याला मानवतात. हस्ताक्षर तर फारच चांगले, कारण लिहिताना क्षणात उमटलेली रेषा भरताना तासभर घेते आणि त्या उशिरामुळेच प्रत्येक वेलांटीकडे लक्ष जाते. देवादिकांची कॅलेंडरवरची चित्रे, मोर, आणि गोल रिंगेत भरलेली प्रेरणादायी वाक्ये यांपासून पहिल्या वर्षी तरी दूर राहावे असे माझे मत आहे. त्यांत वाईट काही नाही, पण तिथे सगळे निर्णय आपल्या आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेले असतात.

विषय ठरला की कागदावर त्याचे सुबक चित्र काढत बसण्याऐवजी त्याखाली दोन-तीन वाक्ये लिहावीत: या कामात काय घट्ट असेल, काय विरळ असेल, आणि कोणता भाग मुद्दाम मोकळा सोडायचा आहे. न भरलेले कापड हाही कामाचाच भाग असतो, हे नवखे लोक सर्वांत उशिरा मान्य करतात.

तिसरी पायरी: कापड

सरावासाठी मांजरपाटाइतके सोयीचे आणि स्वस्त दुसरे काही नाही. त्याचे धागे नजरेला दिसतात, ते सुईला फार विरोध करत नाही आणि चूक उसवली तर भोक बऱ्यापैकी भरून येते. प्रत्यक्ष कामासाठी हातमागाची खादी, मध्यम जाडीचे सुती किंवा लिनन घ्यावे. पॉलिएस्टर मिसळलेले कापड टाळावे, कारण ते रिंगेत सरकते, त्यावर टाका रुतून बसत नाही आणि इस्त्रीच्या उष्णतेने त्याला चमक येते. मलमल मोहात पाडते. पण एकेरी मलमलीतून मागचे सगळे दोरे दिसतात, म्हणून ती दुहेरी करून वापरावी किंवा ते आरपार दिसणेच आपल्याला हवे असेल तेव्हा वापरावी. जुनी साडी किंवा धोतर वापरायचे असेल तर आधी दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावे. विरण्याचा आवाज आला तर त्याखाली धुतलेल्या मलमलीचे अस्तर कच्च्या दोऱ्याने टाचून घ्यावे. शिंपी वापरतात ते इस्त्रीने चिकटणारे पेस्टिंग अशा ठिकाणी सोपे वाटते, पण त्यातला डिंक वर्षांनी पिवळा पडू शकतो आणि तो काढता येत नाही.

नवीन कापड रात्रभर पाण्यात भिजवून त्यातली खळ काढून टाकावी, साध्या साबणाने धुवावे आणि वाळवून इस्त्री करावी. ही पायरी गाळली तर काम पूर्ण झाल्यावर पहिल्या धुण्यात कापड आटते, दोरा मात्र तेवढा आटत नाही, आणि सपाट पृष्ठभागावर फुगवटे येतात. त्यानंतर कापडाचा ताणा आणि बाणा ओळखावा: किनारीला समांतर जाणारा उभा धागा कमी ताणला जातो, आडवा थोडा जास्त, आणि तिरकस म्हणजे उरेब दिशेने कापड सर्वाधिक ओढले जाते. काम भिंतीवर टांगायचे असेल तर उभा धागा वरून खाली यायला हवा, नाहीतर ते काही महिन्यांत खाली झुकू लागते. चित्राचा भाग 20 बाय 20 सेंटिमीटरचा ठेवला तर कापड किमान 36 बाय 36 सेंटिमीटरचे कापावे, म्हणजे ताणून बसवण्यासाठी चारही बाजूंना 8 सेंटिमीटर उरतात, आणि कडा सुटू नयेत म्हणून त्या दुमडून कच्ची टीप घालावी.

चौथी पायरी: दोरा, सुई आणि रिंग

बाजारात मिळणारी सुती लडी साधारण 8 मीटर लांबीची आणि सहा पदरी असते. पदर सुटे करताना एकेक पदर स्वतंत्रपणे ओढून काढावा आणि मग हवे तेवढे पुन्हा एकत्र धरावेत. सगळे एकदम ओढले तर गुंता होतो आणि पीळही असमान राहतो. एका पदराची रेषा पेन्सिलीसारखी बारीक येते, दोन पदर सर्वसाधारण रेखाटनासाठी पुरतात, आणि सहाही पदर एकत्र घातले तर टाका कापडाच्या वर उचलून दिसतो. दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटरच कापावा. लांब दोरा घेतल्याने सुई ओवण्याचे कष्ट वाचतात असे वाटते, पण तो कापडातून वारंवार जाऊन पिंजतो आणि शेवटचे टाके निस्तेज दिसतात. लाल, काळा आणि गडद निळा हे रंग फुटण्याची शक्यता अधिक असते, म्हणून दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून थोडा वेळ ठेवावा आणि डाग पडतो का ते पाहावे.

भरतकामाच्या सुयांमध्ये क्रमांक जसजसा वाढतो तसतशी सुई बारीक होत जाते. एक-दोन पदरांसाठी 9 क्रमांकाची, तीन-चार पदरांसाठी 5 क्रमांकाची सुई असली म्हणजे सुरुवातीला पुरते. लाकडी रिंग 15 ते 20 सेंटिमीटर व्यासाची घ्यावी आणि तिच्या आतल्या वर्तुळाला सुती नाडी घट्ट गुंडाळावी, म्हणजे कापड सरकत नाही. दिवसाचे काम थांबवताना कापड रिंगेतून काढून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. आठवडाभर तसेच राहिलेल्या रिंगेचा वण धुऊनही पूर्ण जात नाही. कारचोबावरचे, म्हणजे मोठ्या लाकडी चौकटीवर कापड ताणून आकडीच्या सुईने केलेले, आरीकाम आकर्षक असले तरी ती वेगळी आणि दीर्घ तालीम मागणारी विद्या आहे, तिच्यापासून सुरुवात करू नये.

पाचवी पायरी: एकाच टाक्याचा सराव

इथे घाई करू नये. दुकानातल्या पुस्तिकांत शेकडो टाके दिलेले असतात आणि ते सगळे शिकण्याची हौस वाटते. परंतु या देशातल्या सर्वांत बोलक्या वस्त्रपरंपरांपैकी कितीतरी केवळ धावदोऱ्यावर उभ्या आहेत. महाराष्ट्रातली गोधडी किंवा वाकळ जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्यानेच एकजीव केली जाते. बंगालच्या कांथ्यात जुन्या साड्यांच्या किनारींतून काढलेले धागे वापरून तोच टाका आकृत्या भरतो आणि रिकाम्या जागेत लहरीही उमटवतो. बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावच्या स्त्रिया सुजनी नावाच्या गोधडीवजा भरतकामात हुंड्यापासून निवडणुकीपर्यंतचे प्रसंग भरतात, आणि त्यांचाही पार्श्वभूमीचा टाका हाच. उत्तर कन्नड भागातील सिद्दी समाजातल्या बायका कवंदीची, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीची, शिवण कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांत मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी तुकड्यांचे ‘फूल’ लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. एकच टाका इतक्या वेगवेगळ्या आवाजांत बोलतो, याचे कारण त्यातला खरा मजकूर टाक्यांमधल्या अंतरात असतो.

म्हणून मांजरपाटाच्या एका तुकड्यावर दहा चौकोन आखावेत आणि त्यांत फक्त धावदोरा घालावा. एका चौकोनात वरचा टाका आणि खालचे अंतर समान ठेवावे. दुसऱ्यात वरचा टाका लांब आणि खालचा कणभर असू द्यावा, म्हणजे जवळजवळ सलग रेषा दिसते. तिसऱ्यात याच्या उलट करावे, म्हणजे ठिपके उरतात. पुढच्या चौकोनात शेजारच्या ओळींचे टाके एकाखाली एक आणावेत, त्यानंतरच्यात विटांच्या बांधकामासारखे अर्ध्यावर सरकवावेत. मग ओळी इतक्या जवळ आणाव्यात की कापड आक्रसून त्याला बारीक चुण्या पडतील. हा दोष म्हणून टाळायचा असतो, पण हवा तेव्हा घडवता आला तर तो पाणी, नांगरट किंवा कातडी यांसारखा पोत देतो. उरलेल्या चौकोनांत एकच रंग ठेवून पदरांची संख्या बदलावी. हा तुकडा फेकून न देता त्यावर तारीख लिहून ठेवावी, कारण पुढे प्रत्येक कामाच्या वेळी त्याचा उपयोग होतो.

धावदोरा हातात बसल्यावर आणखी चारच टाके घ्यावेत. सलग रेषेसाठी उलटी टीप; वळणांसाठी देठ टाका; ठिपक्यांसाठी गाठीचा टाका; आणि आकार भरण्यासाठी भरीव टाका, ज्यात दोरे एकमेकांना चिकटून समांतर पडतात. भरीव टाक्याची एक गंमत आवर्जून अनुभवावी: एकाच लडीच्या दोऱ्याने एक पान उभ्या टाक्यांनी आणि शेजारचे आडव्या टाक्यांनी भरले तर उजेड वेगवेगळ्या दिशेने परावर्तित होऊन दोन छटा दिसतात, त्यामुळे सावली दाखवण्यासाठी दर वेळी गडद रंगच लागतो असे नाही. याशिवाय सुतळी, लोकर किंवा जरीसारखा जो धागा कापडातून आरपार नेणे अवघड आहे, तो कापडावर मांडून दुसऱ्या बारीक दोऱ्याने जागोजागी पकडावा. फ्रान्समधील बायो येथील सुमारे 70 मीटर लांबीचा जगप्रसिद्ध पट हे विणकाम नसून लिननवर लोकरीने केलेले अकराव्या शतकातले भरतकाम आहे, आणि त्यातले मोठे आकार याच तत्त्वाने, म्हणजे वर पसरलेले धागे दुसऱ्या धाग्याने बांधून, भरलेले आहेत.

सहावी पायरी: रेखाटन उतरवणे आणि भरणे

कापड पातळ असेल तर खिडकीच्या काचेवर चित्र लावून त्यावर कापड धरावे आणि टोकदार पेन्सिलीने हलकेच गिरवावे. जाड कापडासाठी कारागिरांचा खाका चांगला: ट्रेसिंग कागदावरच्या रेषेवर सुईने भोके पाडून त्यावरून भुकटी किंवा पातळ रंग फिरवतात आणि कापडावर ठिपक्यांची रेषा उमटते. इस्त्रीने पुसली जाणारी पेने हल्ली सर्वत्र मिळतात, परंतु त्यांची रेषा थंडीत पुन्हा उगवू शकते, त्यामुळे विकण्याच्या किंवा प्रदर्शनात लावण्याच्या कामावर ती वापरू नयेत.

भरायला सुरुवात करताना गाठ न मारता दोऱ्याचे टोक मागे मोकळे सोडावे आणि नंतर ते मागच्याच टाक्यांत ओवून टाकावे, कारण काम ताणून बसवल्यावर गाठीचा उंचवटा पुढून दिसतो. आधी मुख्य रेषा, मग विरळ भाग आणि शेवटी घट्ट भरलेले भाग असा क्रम ठेवावा. घट्ट भाग आधी भरला तर तो भोवतीचे कापड ओढतो आणि उरलेले रेखाटन जागेवरून सरकते. मागच्या बाजूने एका आकारातून दुसऱ्या आकाराकडे दोन सेंटिमीटरपेक्षा लांब उडी मारू नये, दोरा संपवून पुन्हा सुरू करावा. दोरा पीळ खाऊ लागला की सुई हवेत सोडावी, ती आपोआप गिरक्या घेत पीळ उतरवते. दर बैठकीनंतर काम भिंतीवर टाचणीने लावून आठ-दहा फुटांवरून पाहावे, कारण मांडीवर ठेवून काम करताना आपण फक्त टाका पाहत असतो, चित्र पाहत नसतो. अर्ध्यावर आल्यावर मूळ रेखाटनापासून दूर जावेसे वाटले तर जावे. उसवण्यास हरकत नाही. उसवल्यानंतर उरलेली भोके आणि फिकट खुणा तशाच ठेवण्यासही हरकत नाही, फक्त तो आळस नसून निर्णय असल्याचे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, आणि ते कळण्यासाठी तशी खूण कामात एकापेक्षा जास्त ठिकाणी यावी लागते.

सातवी पायरी: धुणे, ताणणे, चौकट

रंग पक्के असल्याची खात्री असेल तरच काम धुवावे. गार पाण्यात रिठ्याचा किंवा सौम्य साबणाचा फेस करून त्यात ते बुडवून ठेवावे, चोळू नये, पिळू नये; स्वच्छ टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत सपाट वाळवावे. किंचित दमट असताना जाड टॉवेलवर उलटे पसरवून मागून इस्त्री फिरवली तर टाके चपटे होत नाहीत.

ताणून बसवण्यासाठी आम्लरहित माउंटबोर्ड घ्यावा, त्यावर साधे सुती कापड चढवावे आणि त्यावर काम ठेवून चारही कडा मागे वळवाव्यात. मागच्या बाजूने समोरासमोरच्या कडा मजबूत दोऱ्याने आधी मध्यापासून बाहेर, मग दुसऱ्या दिशेने तशाच बांधत न्याव्यात. फेव्हिकॉल, चिकटपट्टी आणि स्टेपलच्या पिना यांना इथे जागा नाही. डिंकाचे डाग वर येतात आणि पिना गंजतात. काच लावायची असेल तर ती आणि दोरा यांच्यात निदान पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवणारी पट्टी बसवण्यास चौकटवाल्याला बजावून सांगावे, कारण काच टेकली की टाके दबतात आणि आपल्या पावसाळ्यात आत ओल धरून बुरशी येते. रिंगेतच काम टांगून ठेवण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण तिने कापड कायमचे ताणलेले राहते आणि पाहणाऱ्याला ते काम हौसेचे वाटते. कामाचा विषयच रिंग नसेल तर ती काढावी.

भिंत निवडताना थेट ऊन टाळावे. संग्रहालये वस्त्रांसाठी प्रकाश साधारण 50 लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) मर्यादित ठेवतात. घरात तेवढा अंधार कोणी ठेवणार नाही, पण खिडकीसमोरची भिंत सोडणे शक्य असते. न लावलेली कामे घडी घालून ठेवू नयेत. जाड नळीवर धुतलेली मलमल गुंडाळून त्यावर काम भरलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळावे, वरून पुन्हा मलमल लावावी आणि वर्षातून दोनदा उघडून कसर लागली नाही ना हे पाहावे. डांबरगोळ्या कापडाला चिकटून ठेवू नयेत.

आठवी पायरी: नोंद, श्रेय आणि किंमत

पहिल्या टाक्यापासून एक वही ठेवावी, तीत दोऱ्यांचे क्रमांक, पदरांची संख्या आणि रोजचे तास लिहावेत. किंमत ठरवताना हीच वही कामास येते: आधी कुशल कारागिराची रोजंदारी धरून तासांचा हिशेब करावा, त्यात सामान आणि चौकटीचा खर्च मिळवावा, आणि मग आपल्या कलाविचाराचे मोल काय हे ठरवावे. भरतकाम विकणाऱ्या बहुतेक नवोदितांची किंमत मजुरीपेक्षाही खाली असते, आणि त्याचा फटका त्यांच्याइतकाच या व्यवसायावर पोट असणाऱ्या कारागिरांनाही बसतो.

श्रेयाचा प्रश्न या क्षेत्रात जितका नाजूक आहे तितका चित्रकलेत नाही. इटलीचे कलाकार आलिगिएरो बोएत्ती यांनी 1971 पासून अफगाण स्त्रियांकडून जगाचे नकाशे भरून घेतले, पुढे युद्धामुळे ते काम पेशावरमधल्या अफगाण निर्वासितांकडे गेले. काही नकाशांत समुद्र निळा नसून गुलाबी आहे, कारण समुद्र न पाहिलेल्या हातांनी उपलब्ध दोरा वापरला आणि कलाकाराने तो निर्णय आपलासा केला. संग्रहालयांत नाव मात्र त्यांचेच लागते, त्या स्त्रियांची नावे बहुतांशी कोणाला ठाऊक नाहीत. अमेरिकी कलाकार ज्युडी शिकागो यांच्या 1974 ते 1979 या काळात घडलेल्या ‘द डिनर पार्टी’ या मांडणीत 39 स्त्रियांसाठी मांडलेल्या जागांखालचे भरतकाम अनेक सहकाऱ्यांच्या मदतीने झाले आणि त्यांच्या सहभागाची नोंद कामाबरोबरच ठेवली गेली. मुंबईत 2016 मध्ये सुरू झालेल्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टच्या कारागिरांनी माधवी आणि मनू पारेख यांच्या चित्रांवर आधारित भव्य पट भरले, जे जानेवारी 2022 मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात दिओर या फॅशन कंपनीच्या सादरीकरणासाठी लागले. आपल्या छोट्या कामात शेजारच्या मावशींनी एक कोपरा भरून दिला असेल, तरी त्यांना मोबदला द्यावा आणि त्यांच्या संमतीने नाव लिहावे; पुढे काम मोठे झाले म्हणजे ही शिस्त आयत्या वेळी लावता येत नाही.

छायाचित्र काढताना उजेड एका बाजूने, तिरपा पडू द्यावा, म्हणजे टाक्यांची सावली दिसते. समोरून फ्लॅश मारला तर सगळे छापील कापडासारखे दिसते. एक छायाचित्र पूर्ण कामाचे, एक अगदी जवळून आणि एक मागच्या बाजूचे ठेवावे. प्रदर्शनासाठी पाठवताना माहितीपट्टीवर ‘मिश्र माध्यम’ असे मोघम न लिहिता ‘हातमागाच्या सुती कापडावर सुती दोऱ्याने हाताने केलेले भरतकाम’ असे स्पष्ट लिहावे आणि पुढे माप व वर्ष द्यावे. हीच माहिती पांढऱ्या नाडीच्या तुकड्यावर पक्क्या शाईने लिहून तो तुकडा कामाच्या मागच्या कडेला चार टाक्यांनी शिवावा, म्हणजे चौकट बदलली किंवा कागद हरवला तरी नाव कापडाबरोबर राहते.